आधी गवत

खोली बघायला गेले तेव्हा अण्णांनी माझ्या हातात किल्ली द्यायच्या ऐवजी कपडे धुवायचं धोपाटणं दिलं.

"मारा," ते म्हणाले.

त्यांच्या मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात हिरवळ होती. तिच्यावर एक लाकडी गोळा ठेवलेला होता आणि थोड्या अंतरावर बादलीची कडी उलटी रोवलेली होती. मी सोलापूरची. सातपूरच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायची नोकरी नुकतीच लागली होती आणि नाशकात ओळखीचं कुणी नव्हतं. परक्या गावात खोली मिळवायची तर माणूस काय वाट्टेल ते करतं. मी धोपाटणं दोन्ही हातांनी धरलं आणि गोळ्याला हाणलं. गोळा कडीतून जायचा तो थेट तुळशीवृंदावनावर जाऊन आपटला.

अण्णा खूश झाले. "पहिल्याच दिवशी तुळशीपर्यंत! लय झालं. खोली तुमची."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला भाडं तरी सांगा! आणि माझं धोपाटणं द्या, कपडे भिजत पडलेत."

त्या घरात मी सात-आठ वर्षं काढली. पुढे नोकरी बदलली आणि नाशिक सुटलं, पण आजही कुणी मला नाशिकचं काही विचारलं की लोकांना आठवतो तो गोदाघाट मला आठवत नाही. अण्णा आठवतात. पांढरा शुभ्र शर्ट आणि खिशापाशी निळा डाग. खिशात कायम खडूची वडी असायची, बिलियर्ड्सच्या काठीच्या टोकाला लावतात ती. काकूंनी किती साबण झिजवला, पण एकाही शर्टाचा डाग गेला नाही. लग्नाला आलेले पाहुणे त्यांना कुठल्याशा पक्षाचे कार्यकर्ते समजायचे.

अण्णा मूळचे निफाडकडचे. द्राक्षबाग भावाच्या स्वाधीन करून पंचवटीत येऊन त्यांनी हे कार्यालय काढलं. त्या काळी नाशकात उभ्याने जेवायची, म्हणजे बुफेची, नवी टूम निघाली होती. आपल्याकडेही बुफे हवा, आणि बुफेला लांबरुंद टेबल हवं, असं अण्णांनी घेतलं मनावर. देवळाली कॅम्पात एका जुन्या क्लबाच्या सामानाचा लिलाव होता. तिथं चादरीखाली झाकलेलं बारा फुटी टेबल त्यांना दिसलं. चादर वर न करता अण्णांनी बोली लावली. "पाय बघितले ना मी! काय पाय होते! ज्याचे पाय असे त्याचं वरचं काय बघायचं?" हे त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण.

टेबल सुटं करून आलं. टेम्पोतून उतरल्या त्या त्याच्या पाच दगडी लाद्या. चार-चार माणसं एकेका लादीला लागली. काकू दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या. "टेबल आणायला गेलात आणि दगड घेऊन आलात?" कापड, जाळ्या, काठ्या, रंगीत चेंडू असं एकेक बाहेर यायला लागलं तेव्हा अण्णांना कळलं की हे जेवणाचं टेबल नव्हे. दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. अण्णांनी जेवणघराशेजारचा छोटा हॉल रिकामा केला आणि तिथं ते टेबल मांडलं.

सामानात एक जाडजूड इंग्रजी पुस्तकही निघालं, पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला. अण्णा मॅट्रिक. शेजारी डिक्शनरी ठेवून ते रोज सकाळी पोथी वाचावी तसं ते पुस्तक वाचत. आता, पुस्तकाचा पहिला भाग होता खेळाचा इतिहास. कुठल्याही शहाण्या माणसानं तो चाळून पुढे ‘खेळ कसा शिकावा’ तिथं उडी मारली असती. अण्णा पहिल्या पानापासून निघाले, आणि त्यांनी इतिहासालाच अभ्यासक्रम समजून घेतलं. पहिल्या प्रकरणात फ्रान्समधले आणि इंग्लंडातले लोक गवतावर गोळे ढकलत होते, म्हणून अण्णांकडे येणारा माणूस आधी गवतावर गोळे ढकलणार. मग पुढचं प्रकरण, मग त्याच्या पुढचं. प्रकरण ओलांडून कुणालाही पुढे जाता यायचं नाही, मग तो कोणी का असेना.

मी एकदा धीर करून म्हटलं, "अण्णा, हा नुसता इतिहास आहे हो. तो काही शिकण्यासाठी दिलेला नाही."

"पोरी, लेकरू आधी रांगतं का नाय? का जन्मल्या-जन्मल्या सातपूरला ड्युटीवर जातं?"

श्रावणात मी गवतावर होते आणि दसऱ्यालाही गवतावरच होते. दिवाळीनंतर एकदाची टेबलापाशी बढती मिळाली, पण हातात काठी नाही. हातात एक लांब दांडा, आणि त्याच्या पुढे भाकरी उलथायच्या उलथन्यासारखं रुंद लाकूड. "थंडीवाऱ्यात राजेलोकांना बाहेर खेळवेना," अण्णा सांगत, "मंग त्यांनी अंगणच घरात आणलं. हे कापड हिरवं का? गवताची आठवण हाय ती. सगळं गवतातून आलंय." हे म्हणताना ते टेबलावरून असा हात फिरवत की काकू तोंड फिरवून घेत.

पुढचं प्रकरण शेपटीचं. चेंडू कडेला चिकटला की ते रुंद लाकूड तिथं पोचत नसे. मग कुणीतरी दांडा उलटा धरला आणि मागच्या बारीक टोकानं चेंडू मारला. फ्रेंचांच्या भाषेत शेपटीला जो शब्द, ‘क्यू’, तोच पुढे काठीचं नाव होऊन बसला. हे प्रकरण अण्णांचं विशेष लाडकं. अडलं की वस्तू उलटी धरून बघायची, हा धडा त्यांनी त्यातून घेतला होता. गॅसचा लायटर, छत्री, नळाचा पाना, काहीही बिघडलं की अण्णा ते आधी उलटं धरत. आणि काहीही भांडण झालं, मग ते वरपक्ष-वधूपक्षाचं का असेना, की अण्णा मध्ये पडून शांतपणे विचारत, "याचं पहिलं प्रकरण काय?" लोक आठवायला लागत, आणि आठवता आठवता निम्मं भांडण विरून जाई.

नुसत्या लाकडी टोकाच्या काठीनं मी महिनाभर खेळले. टोक चेंडूवरून घसरे, चेंडू भलतीकडे. माझा जीव मेटाकुटीला आला. मग एका संध्याकाळी अण्णांनी मला खुर्चीवर बसवलं आणि फ्रान्समधल्या एका लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. त्याला तुरुंगात टाकलं होतं, तिथं टेबल होतं. वेळच वेळ होता. त्यानं काठीच्या टोकाला चामड्याचा तुकडा लावून बघितला आणि चेंडू त्याचं ऐकायला लागला. थांब म्हटलं की थांबायचा, मागे ये म्हटलं की मागे यायचा. "सुटकेचा हुकूम आला," अण्णा म्हणाले, "तर म्हणतो कसा, अजून थोडे दिस राहू द्या, माझा अभ्यास व्हायचाय!" मग त्यांनी टोकाला चामडं लावलेली काठी माझ्या हातात दिली, स्वतःच्या खिशातला खडू लावून. मी मारलं. पांढरा चेंडू लालला लागला आणि जागच्या जागी थांबला. मला आनंदानं रडूच आलं. इतके दिवस जुन्या खेळाडूंच्या चुका स्वतः करून घेतल्याशिवाय ते सुख कळलं नसतं, हे मला तेव्हा पटलं. अण्णांनी पेढे वाटले.

हस्तिदंताच्या प्रकरणाला मात्र खेळ बंद. पूर्वी हे चेंडू हत्तीच्या सुळ्यांचे करत. किती हत्ती मारले त्याला गणती नाही, तेव्हा कुठे माणसाला दुसरं काही करून बघायची बुद्धी झाली. त्या दिवशी अण्णा हॉलमधल्या गणपतीपुढे उदबत्ती लावून म्हणत, "बाप्पा, तुझ्या गोतातले लय गेले रे आमच्या खेळापायी." आणि कान पकडत. शिष्यानंही पकडायचे.

एकदा आमच्या कारखान्याचे मॅनेजर आले. मुंबईच्या जिमखान्यात स्नूकर खेळलेला माणूस, स्वतःची काठी चामडी पेटीतून घेऊन आलेला. अण्णांनी त्यांच्या हातात धोपाटणं दिलं. साहेब हसले. अण्णा हसले नाहीत. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी तुळशीकडे बघितलं. शेवटी साहेब तणतणत निघून गेले आणि माझी पगारवाढ बहुधा त्यांच्याबरोबर गेली. अण्णांना त्याचं काही नाही. "गडी चांगला हाय, पण मधल्याच प्रकरणातून सुरू झालेला. काय करता?"

स्नूकर अगदी शेवटच्या प्रकरणात. तिथं पोचले की अण्णांची छाती फुगायची, कारण ते प्रकरण जबलपूरला घडतं. गोऱ्या पलटणीचे अधिकारी, बाहेर जायची सोय नाही, जुन्या खेळांना कंटाळलेले. एका पोरसवदा अधिकाऱ्यानं टेबलावर लाल चेंडूंत निरनिराळ्या रंगांचे चेंडू मिसळले. त्यात एकाचा सोपा नेम चुकला. लष्करी शाळेतल्या नवशिक्यांना ‘स्नूकर’ म्हणून चिडवत, त्याच नावानं त्या अधिकाऱ्यानं त्याला हाक मारली, आणि तेच खेळाचं नाव झालं. पुढे उटीला नियम लिहिले गेले. "म्हंजे खेळ कुणाचा? आपला! नाशिकरोडला गाडीत बसा, गाडी थेट जबलपूरला जाती."

आणि ते खरोखर बसले. काकूंना सांगितलं, चल, नर्मदास्नान करून येऊ. काकूंनी हौसेनं नऊवारी घेतली, ओटीचं सामान घेतलं, दशम्या बांधल्या. जबलपुरात अण्णा छावणीभर पायी हिंडले, जिथं हा खेळ जन्मला ते दार शोधत. अखेर कुणीतरी एक फाटक दाखवलं. पहारेकरी काही आत सोडेना. अण्णांनी चपला काढल्या, फाटकाला बाहेरूनच नमस्कार केला आणि तिथली चिमूटभर माती रुमालात बांधली. ती माती पुढे टेबलाच्या पायाशी एका डबीत असायची. काकू ही हकिकत सांगताना शेवटी न चुकता म्हणत, "नर्मदा मी बघितली. रिक्षातून. पुलावरनं."

काकू टेबलाला ‘सवत’ म्हणत. "लोकांच्या सवती नटव्या असतात, माझी टनावारी वजनाची आहे." रागाला कारणही होतं. तो हॉल अडून राहिल्यामुळे मोठी लग्नं दुसऱ्या कार्यालयांत जात होती. पण खरा प्रश्न उभा राहिला त्यांच्या लेकीच्या, वंदूच्या लग्नात. स्थळ मालेगावचं, कापडाचे मोठे व्यापारी. मुलगा चांगला, घर चांगलं, पण मुलाचे वडील भारी कडक. ज्या घरात पत्ते कुटतात त्या घरचं पाणी पिणार नाहीत अशी त्यांची ख्याती. आणि टेबल, काठ्या, रंगीत चेंडू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला जुगाराचा अड्डा यायचा. काकूंनी अण्णांना निक्षून सांगितलं, "टेबल किंवा लेकीचा संसार. बोला."

कॉलेज रोडवर एक गृहस्थ स्नूकरचं नवं पार्लर काढत होते, त्यांना काकूंनीच टेबल देऊ केलं. त्यांच्याकडे फरशी अजून बसायची होती, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरलं. तोवर टेबलावर फळ्या टाकायच्या, जमिनीपर्यंत पांढरी चादर सोडायची आणि त्याच्यावर जेवण मांडायचं. शिवाय काकूंनी अण्णांकडून शपथ घेतली की लग्नाच्या दिवशी या खेळाबद्दल ते एक अक्षर बोलणार नाहीत.

त्या आठवड्यात अण्णा टेबलाला रोज ब्रश मारत, एकाच दिशेनं, हळूहळू. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

लग्न लागलं. ज्या कामासाठी ते टेबल देवळालीहून आणलं होतं ते काम त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा केलं. वर मसालेभात, जिलब्या, मठ्ठ्याची पिंपं. व्याह्यांची पंगत मात्र रीतसर पाटावर, त्याच हॉलमध्ये टेबलाशेजारी. काकू तुपाचं भांडं घेऊन वाढत होत्या. अण्णा नव्या शर्टात, डागाशिवाय, ओळखू येत नव्हते.

व्याह्यांची चार वर्षांची नात खेळता खेळता चादरीखाली शिरली. सगळी व्यवस्था चोख झाली होती, पण जाळ्यांतले चेंडू काढायला अण्णा विसरले होते, आणि एक जाळी खालून फाटलेली होती. पोरगी बाहेर आली ती हातात लालभडक चेंडू घेऊन. तो तिनं आजोबांच्या पानात जिलबीशेजारी ठेवला.

व्याह्यांनी चेंडू उचलला, वजन बघितलं. मग बसल्या जागेवरून चादरीचं टोक वर केलं. फळीखालून हिरव्या कापडाची कड दिसली.

"हाई काय शे?" त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

अण्णांनी तोंड उघडलं, काकूंकडे बघितलं आणि मिटलं. शपथ होती.

"जुगारनं टेबल शे का हाई?"

वंदूचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता काकू काहीतरी थाप मारणार. त्यांना ते सहज जमलं असतं. पण जुगार हा शब्द ऐकला आणि काकूंच्या कपाळावर आठी चढली. सवतीला आपण हवं ते बोलावं, परक्यानं बोललेलं कसं चालेल? त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं, पदर खोचला.

"जुगार नाही, दादा. फार पूर्वी हा खेळ गवतावर खेळायचे."

आणि काकू सुरू झाल्या. गवतापासून. इतकी वर्षं भिंतीपलीकडे पोळ्या लाटता लाटता त्यांनी प्रकरणच्या प्रकरण ऐकलं होतं. राजेलोकांनी अंगण घरात आणलं, शेपटीची काठी झाली, तुरुंगातला फ्रेंच अधिकारी, एकेक येत गेलं, अण्णांच्याच शब्दांत, अण्णांच्याच हातवाऱ्यांनी. हत्तींपाशी त्यांनी कान पकडले तेव्हा पंगतीतल्या दोन म्हाताऱ्यांनीही पकडले. मग काकू स्कॉटलंडच्या एका राणीवर आल्या. ती गोष्ट अण्णा फार क्वचित सांगत. राणीला कैदेत टाकलं, ते तिनं सोसलं. पण तिचं हे टेबल काढून नेलं, तेव्हा मात्र तिनं तक्रार केली.

"टेबल काढून नेलं…" काकू म्हणाल्या आणि थांबल्या. अण्णा दाराशी उभे होते, खाली मान घालून, रिकाम्या खिशावर हात ठेवून. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मंग?" व्याह्यांनी विचारलं.

"मग काय," काकूंनी आवाज सावरला, "पुढचं सगळं आपल्या जबलपूरला झालं. मी स्वतः जाऊन आलेय. त्या फाटकाशी उभी राहिलेय मी."

व्याही उठले. हात धुतले, पुसले आणि चादर आणि कडेची फळी सारून हिरव्या कापडावरून तळवा फिरवला. आधी एका बाजूनं, मग उलट बाजूनं. जन्म कापडात गेलेला माणूस. "लोकर शे. इकडून गुळगुळीत, तिकडून खरखरीत." त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "कोणीतरी जीव लाईसन ब्रश मारस याले. माले बी दखाडा हाऊ खेळ."

अण्णा पुढे सरसावले, पण काकूंनी त्यांना हातानं अडवलं.

"असं कसं, दादा? आधी अंगणात चला."

मालेगावचा तो कडक माणूस डोक्याला फेटा बांधून हिरवळीवर धोपाटणं घेऊन उभा राहिला. अख्खं वऱ्हाड भोवती जमलं. बँडवाल्यांनी न सांगता वाजवायला सुरुवात केली. गोळा तुळशीला लागला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं व्याहीच हसले. वंदू शालूसकट पायरीवर बसून हसत होती आणि डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज रोडचे गृहस्थ हमाल आणि पाने घेऊन हजर. दिलेला शब्द होता. काकू रात्री काही बोलल्या नव्हत्या आणि अण्णांनी विचारलं नव्हतं. फाटक वाजलं तसे अण्णा जिना चढून माझ्या खोलीत आले, कॉटवर बसले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. लाद्या सुटताना होणारा आवाज त्यांना ऐकायचा नव्हता. मी त्यांच्याशेजारी बसले.

खालून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ‘टक्’ असा आवाज झाला. लाकडावर लाकूड.

मी अण्णांचं बोट कानातून ओढून काढलं. अंगणातून काकूंचा आवाज येत होता.

"हात सरळ ठेवा. आणि घाई करू नका. टेबलापर्यंत पोचायला तुम्हाला दिवाळी उजाडेल."